डोळे मिटून बसलेली रांग

सौंसर
२ ऑगस्ट १९८३

मा. खेळशिक्षिका बाई,
मिशनची शाळा, पांढुर्णा.

जयभीम. माझी मुलगी जयश्री उत्तम सोमकुंवर आपल्या शाळेत आठवीत शिकते व तिथल्याच हॉस्टेलात राहते. काल तिचं पत्र आलं. चांगलं चार पानी. त्यात गणिताची एक ओळ, विज्ञानाची अर्धी आणि बाकी सारा खो-खो. कोणी किती सूर मारले, कोण कोणाला सापडली, बाई काय म्हणाल्या. वाचून तिची आई शकुंतला खूश झाली. मी झालो नाही.

मी इथं वीज मंडळात लाइनमन आहे. उन्हापावसात खांबावर चढतो. पोरीनं अंगमेहनतीच्या नाही, डोक्याच्या कामावर लागावं म्हणून काळजावर दगड ठेवून तिला परगावी ठेवली. उड्याच मारायच्या होत्या तर त्या ती इथं चिंचेवरूनही मारत होती.

तरी तिचं नाव खेळातून काढावं, ही विनंती. विनंती म्हणतो, पण समजायचं ते समजावं.

आपला,
उत्तम सोमकुंवर


पांढुर्णा
९ ऑगस्ट १९८३

श्री. उत्तमराव यांस सलाम.

पत्र मिळालं. समजायचं ते समजले, आणि नाव काढत नाही.

रागावू नका, आधी ऐकून घ्या. आमच्या शाळेत खेळ ही सुट्टी नाही, तास आहे. संध्याकाळी चार वाजले की प्रत्येक मुलगी मैदानात. ज्या बायकांनी ही शाळा काढली त्यांचं म्हणणं असं, की देवानं डोकं दिलं तसे पायही दिलेत. वर गेल्यावर तो एकट्या डोक्याचा जाब विचारेल असं काही नाही.

तुमची जयश्री मागच्या वर्षी आली तेव्हा भिंतीला धरून चालायची. नाव विचारलं तर ओढणीत सांगायची. तिला मी मैदानात बसवली ती याच कारणानं. खो-खोत ओरडावं लागतं. तोंडातल्या तोंडात दिलेला खो पंच धरत नाही. पहिले पंधरा दिवस ती नुसते ओठ हलवत होती. आता खो देते तर फाटकाजवळचा शेंगदाणेवाला वळून पाहतो. आमची कप्तान अलका म्हणून आहे, इथले कापसाचे दलाल प्रभाकरराव यांची मुलगी. ती आणि जयश्री रांगेत शेजारी बसतात आणि दोघींचं चांगलं जमतं.

राहिलं गणित. चाचणीत ती वर्गात दुसरी आली. हे तिनं तुम्हाला कळवलं नाही म्हणजे कमाल आहे पोरीची!

आपली,
सुशीला साळवे


सौंसर
१ सप्टेंबर १९८३

सुशीलाबाई यांस जयभीम.

दुसऱ्या नंबरचं खरंच कळवलं नव्हतं. विचारलं तर लिहिते, 'त्यात काय सांगायचं बाबा, पहिली आली असती तर सांगितलं असतं.' घ्या! हे पाणी तिच्या आईकडचं.

बरं, खेळू द्या. पण आणखी एक गोष्ट कानावर आली. सामन्याच्या आधी तुम्ही मुलींना गोल उभ्या करून येशूची प्रार्थना म्हणायला लावता. हे खरं काय? स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझ्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. चालत गेले होते, बाई. एक धर्म आम्ही विचार करून सोडला आणि एक विचार करून घेतला. आता तिसरा कोणी आमच्या पोरीच्या ताटात वाढू नये, तेही तिला भूक नसताना.

उत्तम सोमकुंवर


पांढुर्णा
१२ सप्टेंबर १९८३

उत्तमराव यांस सलाम.

उत्तराला उशीर झाला तो पोळ्यामुळे. दुसऱ्या दिवशी गोटमार. अर्धं पांढुर्णं जाम नदीवर एकमेकांना दगड मारायला आणि उरलेलं अर्धं पाहायला. आम्ही हॉस्टेलचं फाटक लावून घेतलं आणि पोरींना दिवसभर मैदानात दमवलं. तिकडून आरोळ्या येत होत्या, इकडून ह्या ओरडत होत्या. कोण जिंकलं ते कोणालाच समजलं नाही.

प्रार्थना होते. खोटं काहून सांगू? मी ख्रिस्ती आहे, शाळा ख्रिस्ती आहे, खेळायला निघाले की माझे हात आपोआप जुळतात. पण कोणाला म्हणायला लावत नाही. तुमचं पत्र आल्यावर जयश्रीला विचारलं, तू त्या वेळी काय करतेस गं? तर म्हणे, 'मी मनात त्रिशरण म्हणते बाई. तुमचं आमेन होते तवा माझंही होऊन जाते.'

तुम्ही मला इकडून ओढता, आमच्या हेडबाई तिकडून. त्यांच्या मते मी प्रार्थना कमी आणि पळणं जास्त घेऊन राहिले. मधल्या मध्ये माझीच रस्सीखेच चालली आहे. तुमची काळजी मला समजते, उत्तमराव. बिनघोर राहा.

सुशीला साळवे


सौंसर
१५ नोव्हेंबर १९८३

सुशीलाबाई,

बिनघोर राहा म्हणालात, राहिलो. बिनघोर राहिलो म्हणूनच फसलो.

माझा साळा देवीदास संत्र्याचा माल घेऊन पांढुर्ण्याच्या स्टेशनावर येत असतो. सुट्ट्या लागायच्या आधी तुमच्या शाळेजवळून गेला, म्हटलं भाचीला पाहून घ्यावं. कंपाउंडावरून डोकावला तर काय! पोरी एका रांगेत गुडघे दुमडून बसलेल्या, साऱ्यांचे डोळे मिटलेले, आमची जयश्री मधात. तुम्ही मागून फिरून राहिल्या होत्या आणि एकेकीच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलून राहिल्या होत्या. हात पडला की ती पोरगी अंगात आल्यागत उठे आणि धूम पळे. देवीदास तसाच गाडीवर बसून आला आणि म्हणतो कसा, 'भाऊजी, हा बाप्तिस्माच होय. फक्त पाणी दिसलं नाई.'

मी लगेच विश्वास ठेवला नाही. जयश्री सुट्टीत घरी आली तवा तिलाच विचारलं, बाई असं करतात काय? तर म्हणे, 'हो, रोजच करतात.' आणि हसली! पुढं काही सांगू लागली होती, मी म्हटलं बस झालं. मले जे समजायचं ते समजलं.

त्रिशरणाची गोष्ट सांगून तुम्ही मले गूळ लावला. आता शाळा उघडून आठ दिवस होतील, पण जयश्री येणार नाही. तिची पेटी कोणाच्या हाती धाडता आली तर धाडावी. इथल्या सरकारी शाळेत तिचं नाव घालतो.

उत्तम सोमकुंवर


पांढुर्णा
१९ नोव्हेंबर १९८३

अहो उत्तमराव,

तुमचं पत्र वाचून आधी मी रडकुंडीला आले, मग इतकी हसले की हेडबाई खोलीत पाहायला आल्या. मग पुन्हा राग आला. तो अजून आहे.

तो खो-खोचा सराव होता! रांगेत बसलेल्या मुलीचे डोळे उघडे असले की ती पळणारीकडे पाहत बसते. पाठीवर हात पडतो, खो ऐकू येतो, तरी उठायला वेळ लावते. तेवढ्यात समोरची निसटते. म्हणून मी त्यांना डोळे मिटायला लावते. कान आणि पाठ जागी ठेवा म्हणते. मग मागून कोणाच्याही पाठीवर हात मारून 'खो' म्हणायचं आणि तिनं त्या क्षणी सुटायचं. ही माझी स्वतःची रीत आहे, कोणत्या पुस्तकात नाही. मी बोलत नव्हते, घसा फोडून ओरडत होते. बाजूला कापसाचं जिनिंग धडधडत असते, देवीदासभाऊंना ऐकू आलं नसेल. आणि बाप्तिस्म्याला पाणी लागतं हो. आमच्या मैदानावर पोरींना प्यायला नळ नाही!

पोरगी सांगत होती तर दोन शब्द ऐकून का घेतले नाहीत? तिच्याच तोंडून समजलं असतं सारं.

तीस तारखेला छिंदवाड्याला जिल्ह्याचे सामने आहेत. तिच्या जागी बसवायला मुलगी आहे, पण तिच्यासारखी नाही. पेटी धाडणार नाही. पेटीची मालकीण धाडा.

एक विचारते. एवढ्याशा गोष्टीवरून बाप मुलीची शाळा सोडवत नाही. पहिल्या पत्रापासून तुमचा खेळावरच राग आहे. प्रार्थनेचं नंतर आलं. आणखी काही आहे का?

सुशीला साळवे


सौंसर
२६ नोव्हेंबर १९८३

सुशीलाबाई यांस जयभीम.

तुमचं पत्र देवीदासला वाचून दाखवलं. तो म्हणे, 'तरी बी.' त्याचं सोडा. मला पटलं. जयश्रीसमोर मान खाली घालून बसलो, तिनंच मला चहा आणून दिला.

विचारलंत म्हणून सांगतो. हे मी शकुंतलालाही कधी सांगितलं नाही.

मी आमच्या खेड्यातल्या शाळेत होतो. पळण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. तपासनीस साहेब येणार म्हणून गुरुजींनी खो-खो ठेवला आणि नऊ जणांत माझं नाव घेतलं. आईनं चड्डी धुऊन दिली. रांगेत बसलो. डाव सुरू झाला. पळणारा माझ्या पुढ्यातून जाई, मी सुटायला तयार. पाठलागावरचा पोरगा माझ्या मागं येई, मला सोडून पुढच्याला खो देई. पुन्हा येई, पुन्हा सोडून जाई. काहून ते तुम्हाला समजलं असंल. खो द्यायचा म्हणजे हात लावावा लागतो, आणि घरी जाऊन आंघोळ कोण करणार?

अख्खा डाव मी तसाच बसून होतो, बाई. पायांना मुंग्या आल्या. उठून जावं तरी लाज, बसावं तरी लाज. गुरुजी पाहत होते, बोलले नाहीत. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. घरी आईनं विचारलं, काय खेळला रे? म्हटलं, खो-खो. खोटं थोडंच होतं?

म्हणून माझा खेळावर राग. पुस्तकाचं बरं असते, ते उघडणाऱ्याची जात पाहत नाही. आता तुम्हीच सांगा. ती प्रभाकररावांची अलका माझ्या पोरीच्या शेजारी बसते. ती देते काय तिला खो? साऱ्या जिल्ह्यासमोर जयश्री तशी बसून राहिली, तर त्याचं काय करायचं? माझ्यानं तिला छिंदवाड्याला धाडवत नाही. तुमचे सामने होऊन जाऊ द्या. पुढचं नंतर पाहू.

उत्तम


पांढुर्णा
३ डिसेंबर १९८३

उत्तमराव यांस सलाम.

आम्ही छिंदवाड्याला शेवटच्या सामन्यात हरलो. एका गुणानं. तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही, पण लपवणारही नाही.

तुमचं पत्र मी सामन्याच्या आदल्या दिवशी वाचलं. वाचून झाल्यावर बराच वेळ मला मैदानात जावंसं वाटलं नाही. माझे आजोबा काही आभाळातून ख्रिस्ती होऊन पडले नव्हते. अचलपूरकडच्या एका खेड्यात ते गावाबाहेरच राहत होते, तुमच्यासारखेच. मिशनच्या शाळेत त्यांना पहिल्यांदा कोणी हात धरून बाकावर बसवलं. ते आम्हाला शिकल्याचं कमी आणि त्या हात धरण्याचं जास्त सांगायचे. म्हणून तुमची गोष्ट मला परकी वाटली नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. परतीच्या बसमध्ये अलका खिडकीशी तोंड करून रडत होती. मला वाटलं, हरली म्हणून. तर म्हणाली, 'बाई, धावता धावता मी दोनदा रांगेतल्या जयश्रीच्याच घराशी गेले, तिला द्यायला. तिथं दुसरीच होती, मी गडबडले.' देते का म्हणून विचारलंत ना? तिला दुसऱ्या कोणाला देता येत नाही, हीच आमची पंचाईत झाली!

आणि हे आपोआप झालं असं समजू नका. सुरुवातीला इथंही काही पोरी अंग चोरून खेळायच्या. त्यांना भाषण देऊन उपयोग नव्हता. मी डोळे मिटायला लावले. डोळे मिटून बसलेलीला हात कोणाचा ते दिसत नाही, आणि देणाऱ्या मुली मी रोज बदलत गेले. हळूहळू त्यांचं त्यांनाच ते सुटलं. हेडबाई मला म्हणतात, ख्रिस्ती शाळेत खेळाचं एवढं काय? मी म्हणते, 'बाई, शेजाऱ्यावर प्रीती करा हे तुम्ही फळ्यावर लिहिता. मी त्या शेजाऱ्याला हात लावायला लावते. एवढाच माझा तास आहे.' त्यांनी सरावाचा वेळ कमी केला नाही.

नाव अजून पटावरून काढलेलं नाही. तिला पाठवा. तुमच्यावर जे झालं त्याची शिक्षा तिला देऊ नका. कडक लिहिलं असेल तर माफ करा.

सुशीला साळवे


सौंसर
१५ डिसेंबर १९८३

सुशीलाताई,

पत्राची ही सुरुवात माझ्या हातून आपोआप झाली, तशीच राहू देतो.

परवा विहाराजवळच्या खांबावर फेज गेला म्हणून चढलो होतो. वरून पाहतो तर खाली मैदानात पोरींची रांग. चुन्यानं घरं आखलेली. आमच्या वस्तीतल्या, तेलीपुऱ्यातल्या, दोन-तीन बाजारातल्या दुकानदारांच्या. साऱ्यांचे डोळे मिटलेले आणि आमची जयश्री मागून फिरून राहिली! पाठीवर हात मारते आणि असा खो देते, असा खो देते, की वरती माझी पक्कड हातातून पडता पडता राहिली. कोणी अंग चोरत नव्हतं. एकीला उठायला उशीर झाला तर जयश्रीनं तिला कान पकडून परत बसवली. ती पोरगी हसत बसली.

मी दोरीच्या आधारानं तिथंच लटकून पाहत राहिलो. खालून लोक ओरडून राहिले, 'अहो, लाइट कवा येणार?'

उतरलो तर विहाराच्या पायरीवर बापूजी बसलेले. आमच्या वस्तीतले सगळ्यात म्हातारे, दर पौर्णिमेला वंदना तेच घेतात. मला जवळ बोलावलं, डोळे भरून आले होते त्यांचे. म्हणतात, 'उत्तम, पोरीला ध्यानाची गोडी लावली रे तुनं. रोज संध्याकाळी पोरींना रांगेत बसवून डोळे मिटवते. अशी लेकरं मी या वस्तीत पाहिली नाई.'

ताई, मी त्या पायरीवर बसून इतका हसलो की बापूजी रागावले. पांढुर्ण्यात बाप्तिस्मा आणि सौंसरात ध्यान! पोरी बिचाऱ्या आपल्या खो-खो खेळून राहिल्या. आम्हा मोठ्यांना जे भेव असते नाहीतर जे हवं असते, तेच आम्हाला दिसते. देवीदासला सांगितलं तर तो पहिल्यांदाच म्हणे, 'असंल बी.'

रात्री जेवताना जयश्रीला म्हटलं, पेटी तिथंच आहे ना तुझी? तर म्हणे, 'हो. मी बाईंना पत्रानं कळवलं होतं, बाबांचा राग जाईपर्यंत राहू द्या.' म्हणजे तुम्हा दोघींना माझी खात्री होती आणि मलाच नव्हती. सोमवारी पहिल्या बसनं तिला घेऊन येतो.

छिंदवाड्याचं मात्र मनाला लागून राहिलं. तो सामना माझ्यामुळं गेला. अलकाला सांगा, जयश्रीचा बाप माफी मागतो.

तुमचा,
उत्तम


पांढुर्णा
८ जानेवारी १९८४

उत्तमरावांना सलाम.

जयश्री मजेत आहे. अभ्यासात मागं पडली होती, अलकाच्या वह्या उतरवून घेऊन राहिली आहे. अभ्यासासाठी अलकाही सध्या हॉस्टेलातच झोपते, आणि दोघी रात्री कंदील लावून बोलत बसतात म्हणून वॉर्डनबाईंची बोलणी खातात.

एकवीस तारखेला शाळेचा खेळदिन आहे. शेवटी पालकांचा खो-खो ठेवला आहे. हेडबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'प्रतिष्ठित माणसं काय उकिडवी बसतील?' मी म्हटलं, बसतील. तुमचं नाव मी तुम्हाला न विचारता घातलं आहे. विनंती म्हणते, पण समजायचं ते समजावं.

सुशीला साळवे


सौंसर
२३ जानेवारी १९८४

सुशीलाताईंना जयभीम.

परवा तुमच्याशी नीट बोलणं झालं नाही. बसची वेळ झाली होती. म्हणून लिहितो.

तुम्ही मला रांगेत पाचव्या घरात बसवलं. येताना शकुंतलाला म्हटलं होतं, मी फक्त पाहीन, बसणार नाही. तुम्ही ऐकता कशाला! बसलो. पोस्टातले साहेब, किराणावाले, एक मास्तर, साऱ्यांची धोतरं-पँटा सावरता सावरता पुरेवाट. पोरी हसून हसून लोळत होत्या. मी मात्र हसत नव्हतो. गुडघे दुमडले आणि ती खेड्यातली शाळा आठवली. मनात म्हटलं, उत्तम, लेकीसमोर आता बसून राहायचं आहे, तयारी ठेव.

पाठलागावर अलकाचे वडील प्रभाकरराव होते. ओळख ना पाळख. माझं नावही त्यांना ठाऊक नसेल. पोट सांभाळत, धापा टाकत माझ्या मागून आले. मी डोळे मिटून घेतले. तुमच्या पोरींसारखे नाही, ताई. भीतीनं.

आणि पाठीवर हात पडला. असा पडला की बनियनच्या आतपर्यंत समजलं. 'खो!'

बाकीचं तुम्ही पाहिलंच. मी उठलो नाही. सारं मैदान ओरडून राहिलं, पळणारे गृहस्थ माझ्या नाकासमोरून आरामात निघून गेले, प्रभाकरराव म्हणून राहिले, 'अहो, उठा की राव!' आणि मी आपला बसलेलाच. लोकांना वाटलं, गड्याचा पाय धरला. पाय नव्हता धरला. मला तो हात जरा वेळ पाठीवर राहू द्यायचा होता.

आपली बाजू हरली ती माझ्यामुळंच. प्रभाकररावांनी मला चहा पाजला आणि वर म्हणाले, 'पुढच्या साली डोळे उघडे ठेवा.' पुढच्या साली मी येणार आहे, आणि देवीदासलाही आणणार आहे.

पण तुम्हाला जे सांगायचं होतं ते हे. त्या गोंधळात मला एकच आवाज वेगळा ऐकू आला. जी पोरगी आपलं नाव ओढणीत सांगायची, ती दोरीच्या पलीकडून साऱ्या पांढुर्ण्याला ऐकू जाईल असं ओरडून राहिली होती, 'बाबा, उठा ना! तुम्हाले खो भेटला! बाबा, खो भेटला तुम्हाले!'

तुमचा भाऊ,
उत्तम